नजमाच्या पार्सलचं वजन

मंडळी, पेपर तपासून डोकं उठलं की मी हे पान उघडते आणि तुमचे अनुभव वाचते. खरं सांगू? हातात लाल पेन असल्यासारखीच वाचते. ‘अमावास्या होती’... अहो, तुम्हाला कसं कळलं, कॅलेंडर बगलेत मारून फिरत होतात? ‘पैंजणांचा आवाज आला’... शेजारणीने घातले असतील पैंजण! मी फिजिक्सची टीचर आहे. शारजातल्या एका इंडियन स्कूलमध्ये नववी-दहावीच्या मुलींना बल, दाब आणि वजन शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. घरात देव्हारा आहे, पण तो सासूबाईंनी पुण्याहून पाठवला म्हणून. शनिवारी नखं कापते. मांजर आडवं गेलं तर आधी त्याला जाऊ देते आणि मग मी जाते.

तर अशा बाईला या पानावर लिहायची वेळ आली आहे आणि त्याचा मला मनस्वी राग येतोय. कारण जे झालं ते माझ्याच विषयात झालं. वजनाच्या बाबतीत!

आधी घर सांगते. शारजातल्या रोला भागात आमची बिल्डिंग. खाली कॅफेटेरिया आणि लाँड्री, तिसऱ्या मजल्यावर आम्ही... मी, नवरा श्रीकांत आणि तेव्हा सातवीत असलेली सानिका. श्रीकांत हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला. कंपनीची व्हॅन त्याला उजाडायच्या आत उचलून न्यायची. माझी शाळा सकाळची, कारण मुलींची शिफ्ट सकाळी आणि मुलांची दुपारी. दुपारची कार्टी माझ्या वर्गातल्या बाकांवर काय काय कोरून ठेवायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी यावं तर सानिका. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा जणू करारच. “सानू, जेवलीस का?” “आय ऑलरेडी टोल्ड यू, आई!” काय टोल्ड, कधी टोल्ड, देव जाणे.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पार्सलं. गल्फमध्ये टीचर असणं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगची हक्काची कुरिअर असणं. बाकीच्यांना रजा मिळता मिळत नाही, टीचरला मात्र सुट्टीच सुट्टी, असा सगळ्यांचा समज. तिकीट काढल्याचं मी कोणाला सांगत नाही, तरी लिफ्टमधल्या माणसांना कळतं. “टीचर, इंडियाला निघालात म्हणे? काही नाही हो, एवढुसं आहे.” एवढुसं म्हणजे दुधाच्या पावडरचा डबा. एवढुसं म्हणजे भाच्याचे बूट आणि त्या बुटांत कोंबलेल्या परफ्यूमच्या बाटल्या. एका गृहस्थांनी तर प्रेशर कुकर दिला होता. “आत जागा आहे, तुमचं सामान भरा ना!” असं वर औदार्य! बरं, बिल्डिंगमध्ये वजनकाटा एकच, तोही आमच्या बाथरूममधला. म्हणजे लोक पार्सल आमच्याकडे आणणार, आमच्याच काट्यावर तोलणार आणि आमच्याच बॅगेत भरणार. वर चहा मी करायचा.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मार्च २००३. इराकचं युद्ध सुरू झालं. खरं तर आम्हाला इथे काहीही झालेलं नव्हतं. खाली कॅफेटेरियात शवर्मा पूर्वीसारखाच गोल फिरत होता. पण माणसं? सुपरमार्केटमध्ये पाण्याच्या बाटल्यांवर झुंबड. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काचांवर खाकी टेप चिकटवली, ती पुढे वर्षभर निघाली नाही. शाळेत ड्रिल घ्या म्हणून सर्क्युलर आलं. घंटा झाली की मुलींनी बाकाखाली शिरायचं, तर सगळ्या खिदळतायत. एक हुशार कन्या बाकाखालूनच विचारते, “मॅम, इफ अ मिसाइल कम्स, विल द एक्झाम बी कॅन्सल्ड?” मी म्हटलं, नाही, तुझी ओरल घेऊ.

पुण्याहून सासूबाईंचे फोन. टीव्हीवर बगदादला बॉम्ब पडला की त्यांना वाटायचं आमच्या बाल्कनीत पडला. “पोरीला घेऊन या इकडे, तुझी ती शाळा गेली खड्ड्यात!” शेवटी तोडगा निघाला. वार्षिक परीक्षा संपून नवीन वर्ष सुरू व्हायच्या मध्ये आम्हाला थोडी सुट्टी असते. तेवढ्यात सानिकाला घेऊन जाऊन यायचं. श्रीकांतला रजा नव्हती. आणि मला कसली सुट्टी? नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बरोबर होताच.

आता नजमा.

नजमा म्हणजे समोरचं दार. दापोलीच्या पुढे खाडीकाठी तिचं गाव. नवरा इक्बालभाई, सज्जन माणूस, ट्रेडिंग कंपनीत नोकरीला. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि सानिकावर दोघांचा जीव. माझी लेक दुपारची जेवायची ते बहुतेक वेळा नजमाच्या ओट्यापाशी उभी राहून. ईदला सांदण आमच्याकडे आधी यायचं, मग तिच्या नणंदेकडे जायचं. मला ती टीचर म्हणायची आणि मी फार शिकवायला लागले की ‘हेडमास्तरीण’. एकच तक्रार होती तिची, डोकेदुखी. सदा कपाळाला बाम. “अगं, डोळे तपास, डॉक्टरकडे जा,” म्हणून मी कानीकपाळी ओरडायचे. “जाईन गं, इन्शाल्ला,” असं म्हणून ती भाकरी उलटायची.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आली. हातात पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं चौकोनी पार्सल.

“टीचर, भरलं सामान?”

“भरलं. आणि आता देवाने जरी पार्सल आणलं ना, तरी जागा नाही.”

“देवाला नको देऊ. अम्मीला दे.” हसली आणि एकदम गंभीर झाली. “खोटं सांगून देणार नाही मी तुला. अम्मीचं कफन आहे.”

हिवाळ्यात ती आणि इक्बालभाई इथून बसने उमऱ्याला गेली होती, मक्केला. तेव्हा तिच्या आईने एकच गोष्ट मागितली होती. मला तिथलं कफन आण, तिथल्या झमझमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवून आण, मी त्यातच जाईन. नजमाने आणलं, वाळवलं, घडी करून ठेवलं, आणि नेणार तोवर इक्बालभाईंची नोकरी बदलली. दोघांचे पासपोर्ट व्हिसासाठी ऑफिसात अडकले. तिकडे अम्मीने अंथरूण धरलं. भावाचा रोज फोन, आज-उद्याचं आहे म्हणून. इकडे ही युद्धाची टांगती तलवार. विमानं बंद झाली तर?

“मला जाता नाही येत गं,” नजमा म्हणाली. डोळे भरलेले. “माझी माती तिला लागो न लागो, पण तिने मागितलेलं कापड तरी तिच्या उशाशी असू दे. भाऊ पुण्याला येऊन घेऊन जाईल तुझ्याकडून. तुला चालेल ना पण? असली वस्तू...”

“न चालायला काय झालं? कापडच ना ते?” मी जरा जोरातच म्हटलं. “दे इकडे. कुकर नेलेत मी लोकांचे!”

ती रडता रडता हसली. मी पार्सल घेतलं. हलकं होतं. दोन चादरींएवढं, बस.

सकाळी बॅग तोलली. आमची पद्धत अशी... श्रीकांत आधी नुसता काट्यावर उभा राहतो, मग बॅग उचलून उभा राहतो, मी वजाबाकी करते. विमानात तीस किलोपर्यंत चालायचं. सानिकाची बॅग तीसला टेकलेली, माझी एकोणतीसच्या आत बसली. म्हटलं, वा! नजमाचं पार्सल वर ठेवलं, चेन लावली, पुन्हा तोललं.

चौतीस.

“नीट उभा राहा ना,” मी म्हटलं.

“नीटच उभा आहे. तुझी वजाबाकी बघ.”

माझी वजाबाकी! मी पुन्हा केली. चौतीस. दुधाचा डबा काढला. चौतीस. खजूर काढला. चौतीस. आता माझं डोकं फिरायला लागलं. फक्त पार्सल बाहेर काढलं आणि काटा सरळ खाली, डबा आणि खजूर गेल्यावर जिथे यायला हवा तिथे. पार्सल एकटं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर किलोच्या जरा वर. मंडळी, वजनांची बेरीज होते. एक किलो ठेवलं की एक किलो वाढतं. यात श्रद्धेचा काही प्रश्न नाही, हे भाजीवाल्यालाही कळतं!

“काटा गेला कामातून,” क्वालिटीवाल्यांनी निकाल दिला.

“इट्स जस्ट अ बाथरूम स्केल, आई. चिल!” लेकीने दिला.

मलाही तेच पटलं. स्प्रिंग सैल झाली असेल. डबा, खजूर, पार्सल, सगळं परत भरलं आणि निघालो.

शारजा एअरपोर्टवर त्या दुपारी जत्रा होती. जो तो बायकामुलांना गावी पाठवत होता. काउंटरवर एक मल्याळी तरुण, घामाघूम. बॅग बेल्टवर ठेवली. लाल आकडा आला, चौतीसच्या वर.

“मॅडम, फोर के.जी. एक्स्ट्रा.”

“भरते मी पैसे,” मी म्हटलं.

“पैसे का बात नहीं है. फ्लाइट फुल है, आज एक्स्ट्रा अलाउड ही नहीं. निकालो कुछ.”

झालं. माणसांच्या रांगेसमोर जमिनीवर बॅग उघडली. मागून कोणीतरी “यल्ला, यल्ला” करतंय, सानिका तोंड लपवतेय. “आई, एव्हरीवन इज लुकिंग!” बघू देत. नजमाचं पार्सल काढलं आणि बॅग ठेवली. एकोणतीसच्या आत. तेवढ्याच वजनाचं माझं आणखी एक पुस्तक टाकून बघितलं. वाढलं ते पुस्तकापुरतंच. पार्सल घातलं, परत चौतीस. शेजारच्या काउंटरवर नेलं. चौतीस. त्या पोराने मग स्वतः उठून ते पार्सल एकटं बेल्टवर ठेवलं. सव्वा किलो. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

“मॅडम, व्हॉट इज इनसाइड?”

“कापड. क्लॉथ.”

“ओन्ली?”

“ओन्ली.”

तो मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला आणि खुर्ची मागे सरकवून बसला. “प्लीज, मॅडम. हात में ले जाओ.”

ठीक. हातात तर हातात. बॅग गेली, बोर्डिंग पास मिळाले, खांद्याला उत्तरपत्रिका आणि छातीशी तान्ह्या पोरासारखं ते पार्सल धरून मी सिक्युरिटीच्या रांगेत. तिथे अबाया घातलेल्या बाई. त्या दिवसांत तपासणी कडक. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं.

“हू पॅक दिस?”

पंधरा-सोळा वर्षं मी मुलींना खोटं बोलू नका म्हणून ओरडतेय. तोंडातून निघून गेलं, “माय नेबर.”

“नो. अदर पीपल पॅकिंग, नो.”

“अहो, उघडून बघा हवं तर! ओपन इट!”

“नो. खलास.”

खलास म्हणजे खलास. श्रीकांत अजून कठड्यापलीकडे उभा होता. मी परत गेले आणि पार्सल त्याच्या हातात कोंबलं. माझ्या डोळ्यांत पाणी. रागाचं.

“मी काय सांगू तिला?” त्याने विचारलं.

“सांग, बेरीज चुकली!”

पुण्याला पोचल्या पोचल्या तिला फोन लावला. सगळं सांगितलं. काटा, काउंटर, ती अबायावाली. ती ऐकत होती. मग म्हणाली, “असू दे, टीचर. वजन झालं असेल.”

“अगं, खरंच झालं गं!”

“हो ना. मी कुठे काय म्हणतेय?”

हे जे ‘मी कुठे काय म्हणतेय’ आहे ना, ते मला आजही टोचतं. तिला वाटलं मला न्यायचंच नव्हतं. हिंदू घरातली बाई, कफन नेईल कशाला? दुसऱ्या मजल्यावरच्या टेपवाल्या बाई श्रीकांतला लिफ्टमध्ये म्हणाल्याही, “बरं केलं वहिनींनी. असल्या वस्तू कशाला न्यायच्या?” त्याने मला फोनवर सांगितलं आणि मी एवढी भडकले की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नऊ वर्षांचा शेजार, आणि एका बिनडोक काट्यापायी मी तिच्या नजरेतून उतरले! शाळेतल्या टीचर्सना फोन केले. कोणी निघतंय का? एवढं एक पार्सल? कोणाच्याच बॅगेत जागा नव्हती. तिकडे दापोलीला अम्मी केव्हा डोळे मिटेल याचा नेम नाही. मी उत्तरपत्रिका घेऊन बसायचे आणि एकच उत्तर चार-चारदा तपासायचे.

आणि एक दिवस नजमाचाच फोन आला. आवाजात नुसतं हसू.

“टीचर, अम्मी उठून बसली! पेज प्यायली. भावाला शिव्यासुद्धा दिल्या, म्हणजे बरी आहे.”

मी भर दुपारी ‘वा, वा’ करून ओरडले.

“आणि ऐक,” ती म्हणाली. “तुझ्यावर रागावले होते मी. चुकलंच माझं. तुला खोटं बोलता येत असतं तर त्या सिक्युरिटीवालीला नसतीस बोलली? आता घाई नाही गं. पासपोर्ट येऊ देत, मीच घेऊन जाते. अम्मीला सांगितलं मी, तुझ्या कापडाने टीचरला विमानतळावर रडवलं.”

“डोकं कसंय तुझं?”

“आहे मानेवर.”

“नजमा, डॉक्टर...”

“हो गं, हेडमास्तरीण!”

हे आमचं शेवटचं बोलणं.

दोन दिवसांनी श्रीकांतचा फोन आला. भलत्याच वेळी, तो कामावर असतो तेव्हा. “समोरची बातमी वाईट आहे,” म्हणाला.

“अम्मी गेल्या?” मी म्हटलं. मला खरंच वाटलं, अरे देवा, कापड नाही पोचलं.

“आधी खाली बस तू.”

“श्रीकांत, अम्मी ना?”

“नजमा,” तो म्हणाला.

भाकऱ्या करत होती. डोकं धरून खाली बसली ती बसलीच. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी शारजातच दफन. इक्बालभाई भिंतीला टेकून नुसते बसून. तिला न्हाऊ घालणाऱ्या बायकांकडून निरोप आला, कापड घरचं आहे का इथलं घेऊ? ते उठले आणि आतून ते पार्सल घेऊन आले. श्रीकांतने परत नेऊन दिलं होतं तेच, तसंच शिवलेलं. गाडीत ते मागच्या सीटवर श्रीकांतच्या मांडीवर होतं. “हलकं होतं गं,” तो मला फोनवर सांगत होता आणि रडत होता. “काही म्हणजे काही वजन नव्हतं त्याला.”

मी हमसून हमसून रडले. सानिकाने तर दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही.

परत आल्यावर आमचं दार उघडायच्या आधी सवयीने समोरच्या बेलकडे हात गेला. मग मी घरात शिरले आणि पहिली कुठली गोष्ट केली असेल तर तो काटा बाहेर ओढला. श्रीकांतला उभं केलं. त्याला बॅग, तांदळाची गोणी, डिक्शनरी, शाळेच्या लॅबमधून आणलेली वजनं, सगळं धरायला लावलं. काटा बरोबर. अगदी बरोबर. डोकेदुखी आणि शीर, हे मला कळतं. योगायोग, हेही कळतं. माणसं जातात. पण ते वरचे चार किलो आले कुठून? तीन वेगवेगळ्या काट्यांवर, त्या मल्याळी पोरासमोर? आमच्या स्टाफरूममधल्या मॅथ्सच्या बाई म्हणाल्या, ऑब्झर्वर्स एरर. अहो, तीन काटे आणि तीन माणसं मिळून एकच एरर करतात होय?

आणि मला खरा संताप कशाचा येतो सांगू? समजा, तुमच्या भाषेत, कोणीतरी ते थांबवलं. मग त्या कोणाला शीर दिसत नव्हती? माझ्या हातातून एक सव्वा किलोचं कापड काढून घ्यायला एवढा आटापिटा, विमानतळावर तमाशा, आम्हा दोघींत अबोला... त्यापेक्षा तिला एकदा हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं तर? ते नाही जमलं! कापड मात्र बरोबर घरी थांबवलं. ही कुठली पद्धत? हा प्रश्न मी कोणाला विचारू तेही मला माहीत नाही. त्यामुळे कृपा करून मला ‘दैवी संकेत’ वगैरे लिहून पाठवू नका. मी लाल रेघ मारीन. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि तुमच्याकडेही नसणार.

एक मात्र सांगायचं राहिलं.

त्याच वर्षी जुलैच्या सुट्टीत मी आणि सानिका दापोलीला गेलो. इक्बालभाईंनी एका नातेवाइकाकडून दुसरं कापड मागवलं होतं, तसंच, मक्केहूनच. स्वतः शिवून दिलं होतं, वेडंवाकडं. मी निघताना श्रीकांतला काट्यावर उभं केलं. बॅग, मग पार्सल. पुन्हा बॅग, मग पार्सल. सव्वा किलो वाढलं. तेवढंच. एअरपोर्टवरही तेवढंच.

अम्मी ओटीवर खाटेवर बसली होती. एवढीशी म्हातारी, नजमासारखीच हनुवटी. मी काय बोलायचं ते घोकून आले होते, पण तिला बघितलं आणि नुसतं पार्सलच पुढे केलं. तिने आधी माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग पार्सलाकडे मान करून म्हणाली, “टीचर ना तू? हे आणताना तोललंस?”

“तोललं.”

“किती भरलं?”

“जेवढं भरायला हवं तेवढंच, अम्मी. सव्वा किलो.”

तिने ते दोन्ही हातांवर घेतलं. मासळी घेताना बायका जोखतात तसं खालीवर करून जोखलं. वेळ लावला. मग मान हलवली.

“हां,” ती म्हणाली. “हे माझं.”

आणि उशाखाली सारलं. पदराने डोळे पुसले. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे बघून, अगदी नजमाच्या आवाजात, तिने विचारलं, “जेवलीस का, गो?”

“नाही, अम्मी,” सानिका म्हणाली. मराठीत. आणि आत जाऊन तिच्या ओट्यापाशी उभी राहिली.